खुबा मोडला, गोळी चालूच!

मुलुंडला एका हाडांच्या हॉस्पिटलात मी भूल देते. किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही यार, ते स्ट्रेचरवरून आपोआप आत येतात. डबा खाताना मी आणि आमची सिस्टर फिलोमिना ते एकमेकींना सांगतो, आणि हसून झालं की दोघींनाही जरा राग येतो.

आधी भानगड काय ते सांगते. म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन लवकर झालं तर ते उठून बसतं. नुसतं पडून राहिलं तर छाती भरते, पाठीला जखमा होतात, आणि मग ते कधी उठतच नाही. आता यातल्या बऱ्याच जणांना हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी असते. ती अंगात असताना कापलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणजे थांबलं तरी वाट लागते, घाई केली तरी वाट लागते!

*

भांडुपच्या एका आजोबांना आणलं होतं. मी सुनेला विचारलं, "काही गोळ्या घेतात?"

"छे! काहीच नाही."

"बीपीची?"

"बीपीची घेतात."

"शुगरची?"

"ती तर सगळेच घेतात ना."

"हार्टचं काही झालंय?"

"दोन स्टेंट टाकलेत."

"अहो, मग रक्त पातळ करायची गोळी असेलच की!"

"आहे ना. पण ती रोजचीच आहे हो, तिला काय औषध म्हणायचं?"

पर्समधून तिने एक पिशवी काढली. 'काहीच नाही'ने ती गच्च भरली होती.

*

घाटकोपरचा एक इंजिनीअर मुलगा होता, सगळं वाचून आलेला. वडील बाथरूममध्ये पडल्या पडल्या त्याने काय केलं असेल? पडल्यावर रक्ताची गुठळी होते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून रक्त पातळ करायच्या रोजच्या एका गोळीवर आणखी दोन दिल्या. शिवाय कच्चा लसूण!

मांडी काळीनिळी होऊन टम्म फुगलेली. मी कपाळाला हात लावला.

तो म्हणाला, "लसूण नॅचरल आहे मॅडम. त्याला साइड इफेक्ट नसतो."

*

आता जरा आमच्या लोकांचं. आमच्याकडे 'फिटनेस' नावाची एक चीज असते. म्हणजे पेशंट ऑपरेशनला फिट आहे असं कुणीतरी डॉक्टरने लिहून द्यायचं, आणि ते कुणीतरी आपण नसलो म्हणजे झालं!

एका काकांच्या बाबतीत आमचे सर्जन सबनीस सर म्हणाले, "हार्टवाल्यांनी सांगितलं की करतो." हार्टवाल्यांनी लिहिलं, "जोखीम जास्त, भूलतज्ज्ञांनी ठरवावं." मी कमी आहे का? मी लिहिलं, "गोळीबाबत सर्जनचं मत घ्यावं." काका बिचारे आढ्याकडे बघत पडून.

त्यांची मुलगी आम्हा तिघांसमोर उभी राहिली. "आमच्या सोसायटीत गळतीचं असंच आहे. वरचा म्हणतो खालच्याचा पाइप, खालचा म्हणतो वरच्याची टाइल. पाणी आमच्या बेडवर पडतंय, त्याचं कोण बघणार?"

काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या नंबरवर घेतलं. 

*

सबनीस सरांचाच अजून एक. विक्रोळीच्या आजींची गोळी थांबवली, रक्ताचा रिपोर्ट अखेर मनासारखा आला. नातेवाईक तयार, रक्ताची पिशवी तयार, मी तयार. तरी ऑपरेशन परवावर ढकललेलं!

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, म्हणून मला वाटलं घरच्यांनीच काहीतरी काढलं असेल. तावातावाने नातवाला झापलं, "शिकलेले आहात ना तुम्ही? अमावास्या-बिमावास्या काय घेऊन बसलात?"

तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आम्ही नाही हो. सर म्हणाले."

*

आणि मग माहुलच्या हिराबाई. जन्मभर मासळी विकलेल्या, आवाज असा की वॉर्डातले कण्हणारे पेशंटही गप्प व्हायचे. हृदयात धातूची झडप, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्माची. बाजारात पाय घसरला आणि खुबा गेला.

गोळी बंद केली. झडपेत गुठळी होऊ नये म्हणून असर लवकर उतरणारं वेगळं इंजेक्शन चालू केलं. रक्त पुन्हा नीट गोठायला लागलं की ऑपरेशन, असा साधा हिशोब. पण रिपोर्ट काही केल्या सुधरेना! गोळीवर उतारा म्हणून औषध दिलं, तरी तेच. सबनीस सर लॅबवर ओरडले, लॅबवाले आमच्यावर. तोवर हिराबाईंच्या छातीत घरघर लागली. आता मला खरंच भीती वाटायला लागली होती. आणखी थोडे दिवस अशा पडून राहिल्या असत्या तर टेबलावर घेण्यासारखं काही उरलंच नसतं.

एक दिवस मी राउंडला नेहमीपेक्षा लवकर गेले. बघते तर थोरला मुलगा केळ्याच्या तुकड्यात खुपसून आईला गोळी भरवतोय. तीच गोळी!

"अहो, काय करताय?"

तो छाती फुगवून म्हणाला, "तुमची सिस्टर रोज विसरते मॅडम. पण मी एक दिवस चुकवली नाही!"

फिलोमिनाने कमरेवर हात ठेवले. धाकट्याला आम्ही बजावून सांगितलं होतं, घरात सगळ्यांना सांग म्हणून. त्याला बोलावलं तर म्हणतो, "त्याला मी कशाला सांगू? बोट विकल्यापासून आमचं बोलणं नाही." थोरला तेव्हापासून कांजूरमार्गला राहायचा. आईच्या दारातसुद्धा तो फिरकला नव्हता.

मी हिराबाईंवर भडकले. "मावशी, तुम्हाला तर सांगितलं होतं ना, ती गोळी घ्यायची नाही! जिवावर बेतलं असतं!"

"पोरानं हातानं भरवली गो. थुंकू काय?"

थोरल्याला वॉर्डाबाहेर काढलं. रिपोर्ट सुधारला. शेवटी टेबलावर घेतलं तेव्हा हिराबाईंनी माझा हात धरला. पकड अजून चांगली घट्ट होती.

"ऑपरेशन झाल्यावर ती गोळी परत चालू ना गो?"

"हो मावशी. जन्मभर."

"मग तू सांग त्यांना. एक दिवस थोरल्यानं भरवायची, एक दिवस धाकट्यानं. घरी येऊन."