दीड तासाचं नागपूर

कल्याणहून नागपूर आठशे किलोमीटर, आणि विमानाला फक्त दीड तास! भाचीचं लग्न ठरल्यापासून मी हेच भेटेल त्याला ऐकवत होतो. खरं तर आम्हा कल्याणकरांना नागपूर सोपं. संध्याकाळी घराजवळ गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं. बायको मुलांना घेऊन दोन दिवस आधी तशीच गेली. तुम्ही मामा आहात, तुम्हीही चला, म्हणून मागे लागलेली. पण मला रजा वाचवायची होती, आणि पहिल्यांदा विमानात बसायचं होतं. मुहूर्त बारा वीसचा, विमान नऊचं. साडेदहाला नागपुरात!

लग्नाच्या दिवशी साडेसहाला टॅक्सीने निघालो. शीळफाट्यावर एक ट्रेलर आडवा पडलेला. पाऊण तास जागचे हललो नाही. मी बिचाऱ्या ड्रायव्हरवरच डाफरत होतो, जणू त्यानेच तो ट्रेलर पाडलेला. तरी धीर होता. नऊचं विमान म्हणजे नऊला सुटणार, धावत जाऊन चढू, ही माझी लोकलवाल्याची अक्कल. साडेआठला पोचलो तर काउंटर केव्हाच बंद झालेला. तिथल्या मुलीने शांतपणे दुपारच्या विमानात जागा करून दिली. ते नागपूरला दोनला उतरणार होतं.

आमच्यात नवरीला मांडवात मामाच घेऊन येतो. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, आणि मामा मी एकटाच. लहानपणापासून तिला सांगत आलेलो, तुझा हात धरून मीच आणणार. बाकड्यावर बसून बहिणीला फोन लावला. विमान चुकल्याचं सांगितलं आणि म्हटलं, थांबू नका, आपल्या चुलतभावाला उभं कर. तिने फक्त "बरं" म्हटलं. एक वेळ शिव्या परवडल्या असत्या.

मग फोनवर दुसऱ्या बाई आल्या. मुलाची आई. मी घाबरलोच. वरमाय चिडली तर बहिणीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"मुहूर्त गोरजचा बी आहे, भाऊ. पोरीला मामा एकच आहे. तुम्ही सावकाश या."

मी तिथेच, एवढ्या माणसांत, रडलो. लाज नाही वाटली.

तीनला कार्यालयात पोचलो तर दोन्हीकडचे पाहुणे लग्न लागायच्या आधीच जेवून सुस्तावलेले. बायकोने एकदाच माझ्याकडे पाहिलं, ते पुरेसं होतं. भाचीने मात्र साधं "का उशीर झाला" एवढंही विचारलं नाही. संध्याकाळी तिचा हात धरून मी तिला मांडवात आणलं. माझीच पावलं घाईघाईने पडत होती, आणि तीच मला हळू आवाजात सांगत होती, मामा, सावकाश.

अक्षता पडल्यावर मी आधी वरमायकडे गेलो. वयाने त्या माझ्याहून लहान. नको नको म्हणत मागे सरकल्या, तरी मी वाकून त्यांच्या पाया पडलो.