उन्हाळ्याच्या तोंडावर दारात येणारे सर

शकील पिंजारी सर शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला पोचवण्याच्या नोकरीत होते. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात ते पहिल्यांदा आले, तेव्हा काही सांगण्याआधी त्यांनीच मला विचारलं, "नाना, तुम्ही ऐकता कुणाचं?"

"मन्ही बायकोनं! दुसरा इलाज शे का?"

पारावर हशा पिकला. सर मात्र उठून थेट आमच्या चुलीपाशी गेले. उन्हाचा इशारा तोवर फोनवर अंशांच्या भाषेत यायचा नि डोक्यावरून जायचा. सरांनी तो माझ्या यमुनेकडून, गावच्या यमुनाअक्काकडून, वदवून भरून घेतला नि तोच सगळ्यांच्या फोनवर लावला. "ऊन लई शे. वावरमा जाऊ नका. म्हातारासले नि बैलसले सावलीमा बांधा." शेवटचं तिच्या पदरचं. सरांनी ते तसंच ठेवलं.

पुढे हिवाळ्यात यमुना गेली.

उन्हाळा आला. एका दुपारी वारा पडला, कावळासुद्धा बोलेना, आणि बंद दारांआड फोन वाजू लागले. घराघरातून यमुना बोलत होती. एका घरी तिची सुरुवात, दुसऱ्या घरी शेवट. माझ्या खिशातूनही तीच. वावरातली माणसं खाली मान घालून घरी परतली.

सर त्याच दिवशी एसटीनं आले. "नाना, आवाज बदलायचं माझ्याकडून राहून गेलं," एवढंच बोलून ओट्यावर माझ्याशेजारी बसून राहिले. मग आवाज बदलला.

पुढचा इशारा कुणा परक्या मुलीच्या गळ्यातून आला. शेजारचा दगडू तो अर्ध्यात बंद करून केळीला पाणी द्यायला गेला नि बांधावर कोसळला. थोडक्यात वाचला. शुद्धीवर येताच म्हणाला, "अक्का काही बोलनी नही, म्हनीसन गऊ."

मीच सरांना फोन लावला, "तिला परत लावा." त्यांनी घाई केली नाही. घरी आले, माझ्या लेकीलाही विचारलं, मगच तिचा आवाज लावला.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर, निवृत्तीनंतरही, ते नशिराबादहून येतात, चहा घेतात नि विचारतात, "नाना, यंदा?" नाही म्हणायची मोकळीक दर वर्षी माझ्या हातात ठेवतात. मी मान डोलावतो. मग फोन खिशात ठेवून तिची वाट बघतो.

सरांना साठ वर्षं झाली. परवा गमतीनं म्हटलं, "तुमचाही आवाज भरून ठेवा."

"कशाला नाना? मी येतो ना."

तर सर, येत राहा. हातीपायी धड राहा, उन्हात डोकं झाकून हिंडा. खिशातून बोलणारं माणूस मला एक पुरे आहे. तुम्ही पुष्कळ वर्षं दारातूनच हाक मारा.