चुलीत न गेलेली पुस्तकं

इमॅन्युएल गावित या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे चिंचपाड्याच्या आसपासच्या पाच-सात पाड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा सगळ्यांना थोडा त्रासही होता. बैल विकायला काढला तर हा गिऱ्हाइकाला आधी बैलाची खोड सांगणार. बायको बुधीबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पण याच गुणामुळे मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चच्या माणसांनी, त्याला अकरा वर्षांपूर्वी आपला 'वडील', म्हणजे चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ, नेमलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीने सगळे भाकरीचा एकेक तुकडा घेतात, आणि मनावर पाप असेल त्याने तो घ्यायचा नसतो. तेव्हा भाकरीचं तबक ओळीओळीतून फिरवायचं काम त्याचं. त्या दिवसासाठी एक पांढरा शर्ट होता. तो इतर कुठल्याच दिवशी अंगात जायचा नाही, लग्नालासुद्धा नाही.

अशा माणसाच्या पोटी निर्मला जन्मली. ही गोष्ट तिची आहे, आणि ती तिला फारशी शोभणारी नाही.

पोरगी हुशार, यात वाद नाही. नर्सिंगची पदवी घेतली, दोन वर्षं उपकेंद्रात काम केलं. डोंगरातल्या बाळंतिणींच्या नोंदी ठेवता ठेवता तिच्या मनाने घेतलं की नुसतं नोंदवून भागत नाही, हे का होतं ते शिकलं पाहिजे. तिने स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला अर्ज केला. इंग्रजीची परीक्षा सुरतला जाऊन दोनदा दिली, तेव्हा कुठे हवे तेवढे गुण पडले. प्रवेशाचं पत्र आलं. पण शिष्यवृत्ती मिळाली नाही तर ते पत्र काचेत घालून भिंतीवर टांगायचं, एवढाच त्याचा उपयोग होता. पुण्याची एक संस्था दरवर्षी आदिवासी मुलामुलींना बाहेर शिकायला पाठवते असं तिला कळलं. संस्थेला कागदपत्रांबरोबर एक निबंध हवा होता. विषय सोपा होता: तुमचा इथवरचा प्रवास.

निर्मलाने तो खरा लिहिला. दरवर्षी दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरंही बरोबर जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. तिच्या दहावीच्या वर्षी इमॅन्युएल गेला नाही. बुधीबाईला तिच्या भावाच्या टोळीबरोबर पाठवलं आणि स्वतः पोरीजवळ राहिला. सकाळी भाकरी थापायचा, तीही वेडीवाकडी, आणि तिला सायकलवर मागे बसवून चिंचपाड्याच्या शाळेत सोडायचा. ऐन थंडीत अवकाळी पाऊस झाला आणि कौलं गळायला लागली, तेव्हा त्याने आपल्या अंथरुणाखालचं मेणकापड काढून तिची पुस्तकं त्यात गुंडाळली आणि स्वतः कोपऱ्यात भिजत बसला. एवढंच लिहिलं होतं. तो कागद घेऊन ती नंदुरबारला गोकुळकडे गेली.

गोकुळ म्हणजे बसस्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर परदेशी अर्ज भरून देणारा माणूस. त्याने निबंध वाचला, कागद टेबलावर ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला,

"ताई, चांगलं शे. पन यामा दम नही शे. बाप चांगला, माय चांगली, सायकलवर शाळामा लई जाये. वाचनारा झोपी जाई ना! तुन्हा बाप दारू पेस का?"

"नाही."

"मारस का?"

"कधीच नाही."

"मंग कसं व्हई वो ताई?" गोकुळ कळवळून म्हणाला. चांगला बाप असणं हा जणू तिच्या अर्जातला अपुरा कागद होता. "काहीतरी अडचन दखाड. बाकीना पोरं काय काय लिखतस, मी रोज वाची ऱ्हायनू."

ती चिडून खाली उतरली. नवापूरच्या एसटीत खिडकीशी बसली, आणि गाडी नंदुरबार सोडते न सोडते तोच तिला एक वाक्य सुचलं. इथे गोकुळला दोष देऊन चालणार नाही. त्याने फक्त अडचण मागितली होती. वाक्य तिचं स्वतःचं होतं: "दहावीच्या वर्षी माझ्या वडिलांनी माझी पुस्तकं चुलीत घातली. राखेतून मी एक अर्धं पान काढलं. त्यावर माणसाच्या हृदयाचं चित्र होतं." वाक्य तिला आवडलं. खरं सांगायचं तर इतकं आवडलं की घरी पोचेपर्यंत ती मनात तेच घोळवत होती, आणि दारात इमॅन्युएलने "आलीस का?" म्हटलं तेव्हा तिला दचकायला झालं. दोन दिवसांनी तिने अर्ज पाठवला. बाप कुठे इंग्रजी वाचणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ती समजली.

मे महिन्यात संस्थेचा फोन आला. नाव शेवटच्या यादीत होतं. आता फक्त घरी भेट द्यायला एक मॅडम येणार होत्या.

चर्चची ही माणसं अशी की घरी चांगल्या कामाचा पाहुणा येणार म्हटलं की मंडळीला बोलावतात. प्रार्थना झाल्याशिवाय पाहुण्याला पाणीही देत नाहीत. बुधीबाईने पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलावलं, मंडळीतल्या चार बायकांना बोलावलं. शेजारचा गुलाबसिंग मंडळीतला नव्हता, पण ऊसतोडीत इमॅन्युएलचा जोडीदार होता, तोही मोटार बघायला येऊन ओट्यावर बसला. निर्मलाला घाम फुटला. एकटी असती तर तिने मॅडमना काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. आता अंगणात अर्धा पाडा होता.

शिखा मॅडम तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या होत्या. प्रार्थनेला त्यांनीही डोळे मिटले. चहा घेतला, निर्मलाला प्रश्न विचारून झाले, आणि मग त्या खुर्ची सरकवून इमॅन्युएलकडे वळल्या.

"काका, निर्मलाने फार प्रामाणिकपणे लिहिलंय. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, पण आम्हाला विचारावं लागतं. तिच्या दहावीला तुम्ही तिची पुस्तकं चुलीत जाळली होती. हे खरं आहे?"

पाळकसाहेबांचा कप बशीवर टेकला. बुधीबाई दारात उभी होती, तिने तोंड उघडलं. ओट्यावरून गुलाबसिंग म्हणाला, "अरे, त्या साली तर तू पोरीसाठी..."

"तू गप, गुलाबसिंग," इमॅन्युएल म्हणाला. घरात आणि पाड्यावर ही माणसं मावचीत बोलतात; हेही तो मावचीतच म्हणाला. मग त्याने निर्मलाकडे पाहिलं. फार वेळ नाही, दावणीचा बैल सुटला की नाही हे बघायला मान वळवावी तेवढंच. ती जमिनीकडे बघत होती. त्याला काय कळायचं ते कळलं.

"होय, बाई," तो मराठीत म्हणाला. त्याचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून शिकलेलं, त्यामुळे तो मराठीत बोलला की उपदेश केल्यासारखं वाटायचं. "मी ती जाळली."

"का पण?"

आता आली पंचाईत. ज्याने जन्मात खोटं बोलायची सवय केली नाही, त्याला पुढचं खोटं हाताशी कुठून सापडणार? शेवटी त्याला जे आठवत होतं तेच त्याने सांगितलं.

"त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला. सरपण ओले होते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. "आता पश्चात्ताप होतो?"

"होय. फार होतो."

निर्मलाला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं की हा माणूस खोटं बोलतोय. ती उठली नाही. तिने रिकामे कप गोळा केले आणि आत नेले. आत चुलीपाशी बसून तिने ते कप दोनदा विसळले. लाजेने तिचे कान तापले होते, आणि त्या लाजेतही मन हिशेब करत होतं की बापाने हो म्हटलं, म्हणजे आता काम झालं. हा हिशेब मनात आला याची लाज तिला सगळ्यात जास्त वाटली.

मोटार गेल्यावर पाड्याला विषय मिळाला. "तरीच त्या साली बुधीबाई एकटी ऊसतोडीला गेली," बायका म्हणाल्या. "घरात हे असं चाललं होतं तर." बुधीबाई दोन दिवस नवऱ्याशी भांडली, मग पोरीकडे बघून एकदम गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा निर्मलाला कळलं की आईलाही समजलं. इमॅन्युएल एका शब्दाने तिला काही बोलला नाही. तो रागावेल म्हणून ती चार दिवस त्याच्या पुढ्यात मुद्दाम वावरली. त्याने फक्त एवढंच विचारलं की तिकडे थंडी फार असते का.

पाळकसाहेब आठवड्याने आले. भले माणूस, पण पाड्यावर येऊन त्यांना सहाच वर्षं झाली होती. त्याआधीचं त्यांना काय माहीत? त्यांनी ओट्यावर बसून विचारलं, "इमॅन्युएलभाऊ, तुम्ही सांगितलं ते झालं होतं का?"

नाही म्हटलं असतं तर आज ना उद्या ते पुण्याला पोचलं असतं. हो म्हटलं असतं तर पाळकसाहेबांच्या तोंडावर दुसरं खोटं. इमॅन्युएल म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललोय, साहेब. त्यात फरक नाही." पाळकसाहेब उठताना म्हणाले, काही महिने तबक मंडळीतल्या हिलालकडे देऊ. इमॅन्युएलने मान डोलावली. पांढरा शर्ट घडी करून पेटीत गेला.

जूनच्या शेवटी शिष्यवृत्तीचं पत्र आलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी पाऊस चालू होता, भाताची लावणी चालू होती, तरी चर्च भरलं होतं. उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते माणूस उभं राहून चारचौघांत सांगतो, आणि जे सांगायचं ते खरंच सांगायचं असतं. पाळकसाहेबांनी निर्मलाचं नाव घेतलं. बायकांच्या बाजूला ती पदर सावरत उभी राहिली. पुरुषांच्या बाजूला, अगदी मागे, भिंतीला टेकून इमॅन्युएल निळ्या शर्टात बसला होता.

तिने ठरवून ठेवलं होतं की आज बोलायचं. पुस्तकं जाळली नव्हती, मेणकापडात गुंडाळली होती, एवढी दोनच वाक्यं होती. तिने देवाचे आभार मानले, मंडळीचे मानले, शिक्षकांचे मानले. मग ती थांबली. तिला विमानाचं तिकीट आठवलं, पुण्याचं पत्र आठवलं, मंडळीतल्या कुणाकुणाचे भाऊबंद पुण्याला कामाला आहेत तेही आठवलं.

"आणि माझ्या वडिलांचे," ती म्हणाली. ती रडायला लागली आणि खाली बसली.

सगळं चर्च हळहळलं. पुढच्या ओळीतल्या फुलीबाईने डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, "केवढं मन पोरीचं! बापाने एवढं करूनही त्याला माफ केलं." निर्मलाने ते ऐकलं. त्या क्षणी जमीन दुभंगावी असं तिला वाटलं, आणि जमीन काही दुभंगली नाही.

मग हिलालने तबक आणलं. बायकांच्या ओळीतून ते निर्मलापर्यंत आलं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. न घेऊन कसं चालेल? तिने तुकडा घेतला, तोंडात घातला. तबक पुरुषांकडे गेलं. शेवटच्या ओळीत इमॅन्युएलने ते दोन्ही हातांनी धरलं आणि काही न घेता पुढच्याला दिलं. अकरा वर्षं ज्याने ते फिरवलं, त्याला ते कसं धरायचं हे शिकवावं लागलं नाही.

परतताना पावसात छत्री एक आणि माणसं दोन. बुधीबाई बायकांबरोबर पुढे गेली होती. निर्मला चिखल बघत चालता चालता म्हणाली, "आबा, तुम्ही का नाही घेतलं? तुम्ही तर काही जाळलं नव्हतं."

"खोटं बोललो ना."

"ते खोटं माझं होतं."

"लिहिलंस तू. बोललो मी." त्याने छत्री तिच्या बाजूला सरकवली.

"मी आत्ता पाळकसाहेबांकडे जाते. सगळं सांगते. पुण्यालाही कळू दे."

इमॅन्युएल थांबला. राग म्हणावा तर राग नव्हता, पण आवाज चढला. "आणि मग मी बोललो ते कशासाठी? एकदाच बोललो जन्मात. ते तरी फुकट घालवू नकोस."

खरं सांगितलं तर बापाचं खोटं वाया जाणार, आणि नाही सांगितलं तर बाप असाच मागच्या भिंतीला बसणार. हे तिने स्वतःच्या हाताने, एसटीच्या खिडकीशी बसून, खुशीत लिहिलं होतं. ती उभ्या उभ्या पावसात रडली. तो छत्री धरून थांबून राहिला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू घेतलीस ना, भाकर?"

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. पण त्याला टोमणा मारताही येत नव्हता. घरून निघताना जेवलीस ना, असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

"घेतली," ती म्हणाली.

"बरं झालं," इमॅन्युएल म्हणाला. "लांब जायचंय तुला."