कोरलला उजेड कोणता हवा?

खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काठावर मीठ साचतं. कितीही पुसा, सकाळी पुन्हा पांढरी कड तयार. आमच्या ग्रुपमधल्या किश्शांचं तसंच आहे. ग्रुप म्हणजे नाशिक आणि आसपास घरात कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, पाळणारी आम्ही चार माणसं. माझं गंगापूर रोडला चष्म्याचं दुकान आहे. या एका कारणावरून बाकीच्या तिघांनी ठरवून टाकलं की उजेडाचे सगळे प्रश्न मला विचारायचे. नंबर काढता येतो म्हणजे लाईटमधलंही कळत असणार. ते विचारतात, मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, आणि मग ते दुसराच लाईट घेतात.

*

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. कोरलला निळा उजेड लागतो. समुद्रात खाली जाल तसा लाल-पिवळा उजेड पाणी पिऊन टाकतं आणि निळा तेवढा उरतो, म्हणून. मी चांगला निळा लाईट आणून हॉलमधल्या टाकीवर टांगला. हिरवी, केशरी कोरलं निखाऱ्यासारखी चमकायला लागली. मी तासभर बघत बसलो.

बायको, शुभा, मेथीची जुडी घेऊन नेहमीप्रमाणे हॉलमध्ये निवडायला बसली. त्या उजेडात पानं काळी, काड्या काळ्या, गवतही काळं. भाजी झाली आणि पहिल्याच घासाला माझ्या दातात काडी अडकली. मी काही बोलायच्या आत ती शांतपणे म्हणाली, "मासे जेवले ना नीट? मग झालं."

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं, की संध्याकाळी तुमच्याकडे काही बार वगैरे चालू केलाय का. शुभाने तेव्हापासून त्या खिडकीला जाड पडदा लावलाय.

*

शेखर आर्किटेक्ट. त्याच्या घरात सगळं सागवानी आणि बदामी. निळा लाईट ऐकूनच त्याने तोंड वाकडं केलं. त्याला म्हटलं, अरे, तुझ्या सोफ्याला उजेड नकोय, कोरलला हवाय. तो हो हो म्हणाला आणि शोकेसमध्ये लावतात तसले पिवळे दिवे बसवून मोकळा झाला.

कोरलं हळूहळू तपकिरी पडली. उजेड शोधत माना लांब करून वर बघायला लागली. काचेवर शेवाळाचा थर चढला. फोटो बघून मी दुकानात गिऱ्हाईक सोडून त्याला फोन केला, की बाबा, ती मरायला टेकलीत, आजच्या आज लाईट बदल.

शेखर फोन घेऊन टाकीसमोर गेला. मग म्हणाला, "पण आता ती पडद्यांना मॅच होतायत रे."

*

नाना दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. त्यांचे वडील, आबा, अर्धांगवायूनंतर दिवसभर खाटेवर पडून असायचे. बोलणंही गेलं होतं. त्यांना बघायला काहीतरी हलतं-डुलतं हवं म्हणून नानांनी खाटेसमोर टाकी मांडली. मला हे कळलं तेव्हा ठरवलं की या माणसाला तरी मनापासून मदत करायची. पण नाना म्हणजे नाना.

पहिलाच फोन आला, "सर, एकदा नक्की सांगा. हे झाड हाय का जनावर?"

मी सांगितलं की जनावर आहे, पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं कोरलला देतं. नाना विचार करून म्हणाले, "म्हंजे गाय हाय, पण तिच्या पोटातच शेत हाय." इतकी वर्षं लोकांना समजावतोय, मला इतकं सरळ कधी सांगता आलं नव्हतं. मी खूश होऊन फोन ठेवला. तिथेच चुकलं. कारण शेत म्हटल्यावर नानांच्या डोक्यात पुढचं सगळं शेतीचंच आलं. पिकाला ऊन जितकं जास्त तितकं बरं, असं धरून त्यांनी मिळाला तो सगळ्यात जोरदार लाईट आणला आणि पाण्याला टेकेल इतका खाली बांधला.

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. कोरलं लय पांढरी झालीत, दुधासारखी, उजेड अजून वाढवू का, असं विचारत होते. मी डोक्याला हात लावला. जास्त उजेडाने आतलं शेवाळ जातं आणि कोरल उपाशी मरतं, ते हे पांढरं. दुकान बंद करून तसाच दिंडोरीला गेलो. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. नानांची बायको म्हणाली, टाकी पांढरी पडायला लागली तशी त्यांनी कूस बदलली, ती अजून वळवली नाही. मी लाईट वर उचलला, उजेड निम्म्याहून कमी केला. नानांना सांगितलं की आता हात लावायचा नाही, आणि जगतील याची खात्री मी देत नाही.

काही मेली. बाकीची बरेच दिवस तशीच पांढरी राहिली. मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना नानांचा फोन आला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. आबा टाकीकडे वळून पडलेत आणि 'हिरवं' म्हणाले, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

*

चौथे प्रमोदराव, रिटायर्ड प्रोफेसर. यांना चुकीची वस्तू घ्यायची नसते, म्हणून ते कुठलीच घेत नाहीत. टाकी तयार, पाणी तयार, दगड तयार, पण लाईट ठरेना म्हणून कोरल नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दगड दाखवायचे. रोज सकाळी मला दोन लाईटची तुलना पाठवायचे आणि मी एकाचं नाव सांगितलं की त्यातले दोष सांगायचे. शेवटी त्यांची मुलगी मृण्मयी हिने एक दिवस स्वतःच लाईट मागवून बसवला आणि कोरलं, मासे आणून सोडले. मला म्हणाली, "काका, बाबा माझ्यासाठी स्थळंही अशीच बघतायत."

*

पुढे मालेगावचं एक स्थळ प्रमोदरावांच्या तपासणीतून पार पडलं. सुताचे व्यापारी, मुलगा नाशिकलाच नोकरीला. बघण्याचा कार्यक्रम संध्याकाळी ठेवला. टाकीचा टायमर बघून दे म्हणून आम्हा नवरा-बायकोलाही बोलावलं होतं. टायमरला काही झालं नव्हतं. वेळ झाली तसा त्याने पांढरा उजेड विझवून जांभळट निळा लावला. प्रमोदरावांनी कोरलची शोभा दिसावी म्हणून खोलीतली ट्यूबही बंद केली.

कोरलं चमकली. मुलाच्या वडिलांचा पांढरा शर्टही चमकला. मग मुलगा हसला. सगळे दात लखलखले आणि समोरचा एक दात काळाकुट्ट दिसला, जणू तिथे नाहीच. खऱ्या दातांना त्या उजेडात चमक येते, बसवलेल्या दाताला येतेच असं नाही. हे मला माहीत होतं, पण अशा वेळी माणूस काय बोलणार? मुलाच्या आईने पोह्यांच्या बशीत मान घातली. शुभाने माझ्या पायावर पाय दिला. प्रमोदराव लाईटचे गुण सांगत सुटले होते.

मृण्मयी ट्यूब लावायला उठली, तर मुलगाच म्हणाला, "राहू द्या. तो दात खोटा आहे. शाळेत सायकलवरून पडलो होतो." त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मासेही दगडाआड गेले असतील. मृण्मयी परत खाली बसली आणि तिने विचारलं, सायकल कोणाची होती. तो सांगायला लागला. ट्यूब लावायचं राहूनच गेलं.

पाहुणे गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं की माझ्याकडून होकार आहे, आता तुलना करत बसू नका.

दुसऱ्या दिवशी मालेगावहून मुलाच्या आईचा फोन आला. मुलगी पसंत आहे, म्हणाल्या. प्रमोदरावांनी घसा साफ करून विचारलं, की तुमच्याकडून काही अपेक्षा, काही अटी?

"अहो, अट कसली," त्या म्हणाल्या. "फक्त मंगल कार्यालयवाल्याला सांगून ठेवा, स्टेजवर निळे लाईट नकोत."