खडवलीच्या माळावरचा गोबर गॅस

ताईचं पोस्टकार्ड आलं तेव्हा एप्रिल चालू होता. दोनच ओळी. "गॅस बंद आहे. जमलं तर ये." तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये गोबर गॅसच्या लोखंडी टाक्या बनवायचो आणि घरोघरी जाऊन बसवायचो. ताईच्या दारातला प्लँट मीच भावोजींच्या मागे लागून बसवलेला. रविवारी पाने-पकडी, नवा व्हॉल्व्ह आणि गंजावरच्या रेड ऑक्साइड रंगाचा डबा पिशवीत टाकला आणि निघालो.

ठाण्याहून कल्याण, तिथून कसाऱ्याची गाडी. कल्याणलाच पोटभर खाऊन घ्यायचं. पुढे काही मिळेल याचा भरवसा नसायचा. मी दोन वडापाव खाल्ले, ताईसाठी डझनभर केळी घेतली. टिटवाळ्याला देवाला जाणारी मंडळी उतरली आणि डबा ओस पडला.

खडवलीला येणारे बहुतेक जण नदीवर जातात. ताईचं गाव उलट्या बाजूला, तासभर चढाच्या वाटेवर. बस नाही, सावली नाही. माझं पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. एका घरापुढे आमच्याच वर्कशॉपची टाकी आडवी पडलेली, आत कोंबड्या. मी विचारलं, तर मालक तुटकपणे म्हणाला, "बैल विकले. शेण कुठलं आणू?" तिथूनच माझं मन उतरायला लागलं.

ज्यांनी हा प्लँट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखा खड्डा. त्यात शेण आणि तेवढंच पाणी कालवून ओतायचं. आत ते कुजतं, गॅस सुटतो, वर पालथी घातलेली टाकी उचलली जाते आणि तिच्या वजनाने गॅस नळीतून शेगडीत येतो. उरलेला चोथा शेताला उत्तम खत. धूर नाही, सरपण नाही. थंडीत गॅस कमी होतो आणि टाकीला दरवर्षी रंग लावावा लागतो, हेही मी प्रत्येक घरी प्रामाणिकपणे सांगायचो.

ताईच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. चूल पेटलेली, शेगडी कोपऱ्यात. ओट्यावर बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आयलास? बरा झाला."

मी आधी टाकीकडे गेलो. व्हॉल्व्ह ठीक, नळी ठीक, गंजही नाही. पण टाकी तळाला बसलेली आणि कडेने शेणाची साय वाळून भेगाळलेली.

"ताई, शेण घालत नाहीस का गं?" माझा आवाज चढला.

"शेण आहे रे. पाणी नाही."

"विहीर?"

"फेब्रुवारीतच आटली. चल, दाखवते."

ती हंडा घेऊन निघाली, मीही एक घेतला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बायकांनी झिरा, म्हणजे पाझराच्या पाण्याचा खड्डा, खणलेला. वाटीवाटीने हंडा भरायला अर्धा तास गेला. परतताना मला दोनदा थांबावं लागलं. ताई थांबली नाही, पण हंडा डाव्या हाताने धरत होती. उजवं मनगट वाकडं दिसलं.

"हे काय झालं?"

"शिमग्याच्या आधी पडले. हंडा होता डोक्यावर. प्लास्टर काढलं, पण हाड नीट नाही बसलं."

"प्लँटसाठीच्या पाण्याला गेलेलीस?"

ती पुढे चालत राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "पहिला पावसाळा फार चांगला गेला रे. डोळे चुरचुरायचे थांबले होते. पण उन्हाळ्यात घरासाठी दोन खेपा आणि याच्यासाठी दोन. हे खड्डा बुजवू म्हणाले, मीच थांबवलं. तू एवढ्या हौसेने बसवलेलास, तुला न विचारता कसं बुजवायचं?"

जेवणात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. भावोजींनी एका शब्दानेही दोष दिला नाही, तेच जास्त लागलं. "पावसाळ्यात परत चालू करू?" मी विचारलं. ताईने मान हलवली. "नको. चालू झालं की परत उन्हाळा येतोच."

दुपारी मी नळी सोडवली, भावोजींसोबत टाकी उचलून काढली. खड्ड्यातला चोथा त्यांनी शेतात नेला. नवा व्हॉल्व्ह परत न्यायची ताईने आठवण करून दिली, म्हणाली, "दुसऱ्या कुणाला होईल."

ठाण्याला घरी पोचलो तेव्हा बायकोने सिलिंडरवर चहा ठेवला होता. नळ चालू होता. तिला सगळं सांगितलं, मनगटाचं मात्र दोन दिवसांनी सांगू शकलो.

तो गॅस वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. दारात विहीर आणि गोठ्यात गुरं असलेल्या घरांत तो वर्षानुवर्षं चालला. प्लँट मागणाऱ्यांकडून भरून घ्यायच्या आमच्या फॉर्मवर गुरं किती, जागा किती, असे रकाने होते. पुढच्या गठ्ठ्यावर मी पेनने एक वाढवला: पाणी कोण आणतं? वर्कशॉपचे मालक हसले, पण खोडलं नाही. पुढे त्या उत्तरावरून मी स्वतः काही घरांना नको म्हणालो.

ताई अजूनही भाकऱ्या डाव्या हाताने थापते.