मायची इंग्रजी

लोह्याच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली तेव्हा माझी माय खिडकीखाली उभी राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "इंग्लिस पक्कं कर. इंग्लिस आलं की मानसाचं कुटंबी अडत न्हाई." अकरावी-बारावीच्या क्लाससाठी मी गाव सोडत होते. मांडीवर धपाट्यांचा डबा, पायाशी पेटी, आणि कधी एकदा गाडी हलते असं मला झालेलं. मायचं म्हणणं मी अगदी मनावर घेतलं. लातूरहून पुणं, पुण्याहून नर्सच्या नोकरीवर थेट इंग्लंडातलं लीड्स. माझं खरंच कुठं अडलं नाही. अडलं ते मायचं.

नवरा केरळचा, म्हणून घरात इंग्रजी, ही माझी ठरलेली सबब. आमची रेवा सात वर्षांची आहे. 'आजी' सोडून तिला मराठीतलं काही येत नव्हतं, कारण मी शिकवायचा कंटाळा केला. दवाखान्यातून दमून यायचं आणि पोरीशी जे पटकन तोंडात येईल ते बोलायचं. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागं राहिले त्यांना कितीही सांगितलं तरी पटणार नाही, आणि का पटावं? रविवारी व्हिडिओ कॉल लागला की तिकडून माय मराठीत, इकडून रेवा इंग्रजीत, आणि मधे मी. निम्मं सांगायची, निम्मं गिळायची. रेवा कंटाळून पळाली की "अभ्यास आहे गं तिला" अशी थाप मारायची. मायला ते कळत होतं.

एका रविवारी माय म्हणाली, "तू जरा मधी बोलू नगंस." मग पदर सावरून फोनसमोर ताठ बसली. हातानं खाली दाखवून म्हणाली, "आज आय वॉश." खांद्यावरून मागं दाखवून, "काल आय वॉश्ड." पुढं दाखवून, "उद्या आय विल वॉश." रेवा बघतच राहिली. मग खुदकन हसली आणि म्हणाली, "अगेन, आजी!"

माय गावच्या शाळेत खिचडी शिजवते. पोरांची जेवणं झाली की चौथीच्या दारात बसते, बाई काही म्हणत नाहीत. तिथं क्रियापदं सगळ्या वर्गानं एका सुरात, हात करून म्हणायची पद्धत आहे. मी पण तशीच शिकले. "नुसतं 'एड'चं शेपूट लावलं की भागतं तेवढीच घेऊन राहिले," माय म्हणाली, "बाकीची लई आडमुठी हायत." पण सुरात पाठ केलेलं तिला तोडता येईना. रेवानं काल काय शिजवलं विचारलं, तर माय आजपासून सुरू करायची, कालवर यायची आणि थांबता न आल्यानं उद्याचाही स्वयंपाक उरकून टाकायची. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

मला मात्र ते बघवत नव्हतं. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई नातीशी चार शब्द बोलता यावेत म्हणून दारात बसून शिकत होती, आणि माझ्याच्यानं पोरीला चार शब्द मराठी शिकवणं झालं नव्हतं. शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. एकदा म्हणाले, "माय, राहू दे. मीच शिकवते रेवाला मराठी."

"कवा?" माय म्हणाली. रागानं नाही, साधंच विचारलं.

यंदा रेवाच्या तिकडच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही गावी गेलो. गावची शाळा चालू होती. रेवा मायला चिकटून चौथीच्या दारात बसायची, घरी आल्यावर दोघी मिळून भांडी घासायच्या. मला कोणी काही विचारत नव्हतं. निघायच्या दिवशी नांदेड स्टेशनला जायची गाडी दारात उभी राहिली आणि रेवानं आजीच्या गळ्याला मिठी मारली. माय तिला अलगद सोडवत म्हणाली, "आज आय वेट. काल आय वेटेड. उद्या आय विल वेट." हात तिन्हीकडं फिरले.

रेवा माझ्याकडं वळली. हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं, असं तिनं इंग्रजीत विचारलं. 'तुमच्या' हे मला फार लागलं. मी म्हणाले, "आज वाट बघते." उरलेलं मायनंच पुरं केलं. "काल वाट बघितली. उद्या वाट बघीन." रेवा हात करून तिच्यामागं म्हणाली, बोबड्या मराठीत, पण सगळं म्हणाली.

आता रविवारी फोन लागला की त्या दोघींची शाळा भरते. एक क्रियापद मायचं इंग्रजीत, एक रेवाचं मराठीत. लीड्सला घर आहे, हप्ते चालू आहेत, पण घरी आल्यासारखं वाटतं ते एवढ्याच वेळात. शेवटी माय मला पुढं बोलावते. "तू बी म्हन." मग मी हात खाली करते, मागं करते, पुढं करते. आज वाट बघते. काल वाट बघितली. उद्या वाट बघीन. ही सगळी वाट बघितली तिनं आणि तोंडानं म्हणते मी. माय लक्ष देऊन ऐकते आणि म्हणते, "हाव, बराबर हाय."