माय, मी जेलमा शे!

कप खाली ठेवा आधी. हसताना चहा सांडला तर मला सांगू नका. एवढं शिकून माणूस किती मोठा गाढव राहू शकतो, ते आज ऐकाच!

मी नंदुरबारकडच्या कोरीटचा. पुण्याला पीएचडी करतो, फार्मसीत. विषय आहे हायड्रोजेल. म्हणजे पाणी पिऊन फुगलेली एक लिबलिबीत चकती. तिच्यात औषध भरायचं, विजेचा हलका झटका द्यायचा. चकती आकसते आणि औषध सोडते. हवं तेव्हा, हवं तेवढंच! प्रयोगशाळेत आम्ही तिला लाडानं नुसतं ‘जेल’ म्हणतो.

इथंच घात झाला.

त्या जेलपायी दोन वर्षं घरी गेलो नव्हतो. दोन आखाज्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीया, हुकल्या. झोक्यावरची गाणी, मायच्या हातची पुरणपोळी, आमरस… मेसमध्ये जेवताना डोळे मिटायचो, म्हणजे घास उतरायचा. आणि हेमा! जवळच्याच रनाळ्याची. नंदुरबारला डी.फार्मला माझ्या वर्गात होती. आता गावातच मेडिकल चालवते. तिला एक गोष्ट सांगायची तेव्हापासून राहून गेली होती. कोणती, ते तुम्हाला कळलंच असेल. तिला सोडून सगळ्यांना कळतं!

तर यंदा आखाजीच्या आधी मायला फोन लावला. माय होती पिठाच्या गिरणीत. घरघराटात ऐकू येईना, म्हणून तिनं स्पीकर लावला. भोवती दळणाला आलेल्या डझनभर बाया!

“इतला दिन कशामा अडकना रे भाऊ?”

“जेलमा, माय! जेलमा अडकना शे!”

“काय करतस रे तठे?”

“रोज करंट देतस!”

“करंट? कितला?”

“थोडाच! दीड व्होल्ट!”

“मंग… सुटनं कव्हय व्हई?”

मला वाटलं, औषधाचं विचारतेय. वा! माझी माय संशोधनात रस घेतेय! मी रंगात आलो.

“हळूहळू सुटस, माय! सर म्हनतस, लवकर सुटनं तं काही उपयोग नही!”

फोन कट. मी म्हटलं, नेटवर्क गेलं असेल. परत लावला का? नाही. उलट मायला सगळं समजलं म्हणून दिवसभर शीळ घालत फिरलो.

पण तिचा आवाज कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी हिय्या करून सरांकडे सुट्टी मागितली. त्यांनी मान वर न करता सही केली. “अरे, दोन वर्षांत पहिल्यांदा मागतोयस! मला वाटलं, तुला जायचंच नसतं.”

घ्या! मागितलीच नव्हती हो मी!

कोरीटला एसटीतून उतरलो. पारावर शेजारचे पांडूतात्या. मला पाहून ताडकन उठले.

“सुटना का रे भाऊ?”

“हाव तात्या, चार दिनकरता.”

“परत जानं पडी?”

“पडी ना. आजून दोन वरीस शेतस.”

“तरास देतस का?”

“थोडा तं देतीनच. आते सवय व्हयी गयी.”

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी म्हटलं, काय माया आहे गावाची! उच्च शिक्षणाबद्दल एवढा कळवळा!

घरी मायनं मिठी मारली ती सोडेना. माझी बोटं एकेक करून तपासली. भाजलीत का बघत होती! नाना म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात उभे. शेवटी म्हणाले, “खरं सांग. तूच करं का?”

“हाव नाना!” मी छाती फुगवून म्हटलं. “समदं मन्हा हातेच करं. आते पेपरमा बी नाव येवाव शे!”

नानांनी दाराला कडी लावली. मायनं हंबरडा फोडला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईनं मोबाइलमधला फोटो दाखवला. काचेच्या बशीत पांढरट चकती.

“हाई जेल?” माय डोळे पुसत म्हणाली. “हाई तं खरवसनी वडी दिखस! अन् ती रनाळानी हेमा उनी व्हती, ती बी हाईच सांगे. ‘काकू, ते जेल नही, जेल शे!’ आते मी काय समजू?”

हेमा आली होती? आमच्या घरी? माझ्यासाठी भांडली? माझ्या कानात सनई वाजायला लागली. का आली होती, हे विचारायचं भान कोणाला!

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून रनाळ्याला. वाटेत वाक्य पाठ केलं, सतरा वेळा. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. हेमा हसली. तेच हसू, एका गालाला खळी पडणारं.

“काय रे कैदी! तुन्ही मायजोडे पत्रिका दिन्ही शे मी. दखी का?”

“कशानी पत्रिका?”

“मन्हा लगीननी! पुढला महिनामा. येशी ना?”

सनई थांबली. पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

“येसू ना,” मी म्हटलं.

“बरं, काय देऊ तुले?”

आता काहीतरी मागायला हवं ना! समोर जे दिसलं ते मागितलं. “ओआरएस. दोन पुड्या.”

“कोन्हले तरास व्हई ऱ्हायना?”

“मायले.”

घरी येऊन पुड्या मायसमोर ठेवल्या. तिनं पुड्यांकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे. दोन्ही पुड्या एकाच तांब्यात ओतल्या, ढवळल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला.

“पी. तोंड सुकी गयं तुन्हं.”

एका पुडीला लिटरभर पाणी लागतं. दोन पुड्या एका तांब्यात म्हणजे मिठागरच! मी फार्मसीचा माणूस, चूक कळत होती. पण मुकाट प्यायलो. सगळं.

मायनं विचारलं, “खारं लागी ऱ्हायनं का?”

म्हटलं, “नही माय. गोड शे.”